चीप शब्दाचा सौदा

झोपलेली नाही मी. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं ऐकून म्हणाल, म्हातारी घोरत होती आणि आता थापा मारतेय. डोळे मिटलेत, एवढंच. मिटल्या डोळ्यांनी मला सगळं दिसतंय. बार्शीच्या मंगल कार्यालयातली ही वरची खोली, कोपऱ्यात छतापर्यंत रचलेल्या गाद्या, खिळ्यांना लटकलेले पाहुण्यांचे शर्ट. दुपार कलायला लागलीय. खाली आचारी पुऱ्या तळतोय, त्याची चर्र चर्र जिन्यानं वर येतेय. मी भिंतीकडं तोंड करून पडलेय. रागावलेल्या माणसानं दुसरीकडं कुठं तोंड करायचं?

राग नातीवर आहे. शर्वरीवर. उद्या तिचं लग्न, आज संध्याकाळी हिरवा चुडा. ती रांगत होती तेव्हापासून तिला सांगत आलेय, तुझ्या लग्नाचा चुडा ही आजी भरणार. आम्ही कासार. वैरागच्या बाजारात पाल ठोकून मी जन्मभर बांगड्या भरल्या. नव्या नवरीच्या हातात भरल्या, आठ पोरांच्या आईच्या हातात भरल्या, एकदा सर्कस आली होती तेव्हा हत्तिणीच्या सोंडेत चुडा भरला, आणि एकसुद्धा बांगडी वाढली नाही. फुटली म्हणायचं नसतं आमच्यात, वाढली म्हणायचं. हत्तिणीची गोष्ट खोटी वाटत असेल तर त्या हत्तिणीला विचारा.

तर सकाळी काय झालं, खाली बांगड्यांचा स्टॉल लागला. पल्लवी नावाची गोड पोरगी, मखमली टोपल्या, मोत्यांच्या, रेशमाच्या, काचेच्या बांगड्या. माझे हात शिवशिवले. डझनभर उचलल्या, कानाशी वाजवल्या, उजेडात धरल्या आणि सवयीनं तोंडातून निघालं, "काय गं, हा बांगडीचा भाव सांगतेस का टोपलीसकट?"

पोरगी हसली. "आजी, तुमच्यासाठी कमी करते."

"माझ्यासाठी नको, काचेकडं बघून कर."

"काच फिरोजाबादची आहे, आजी."

"मग ती चालत आली का विमानानं? तेवढं सांग."

रंग चढायला लागला होता. शर्वरीची होणारी सासू खुर्ची जरा पुढं ओढून बघत होती. तेवढ्यात शर्वरी आली, माझ्या कानाशी वाकली आणि दात आवळून म्हणाली, "आजी, प्लीज. किती चीप वाटतंय हे! त्यांच्याकडचे सगळे बघतायत. चुडा पल्लवी भरेल. तू वर जाऊन पड जरा."

चीप.

म्हातारी म्हटली असती तर चाललं असतं, आहेच मी. पण भाव करणं चीप? ज्या भाव करण्यावर तिचा बाप शिकला, तिच्या बापाची मोटार आली? पदर सावरला आणि जिना चढले. प्रत्येक पायरीवर तो शब्द गुडघ्यासारखा दुखत होता.

गाद्यांना डांबरगोळ्यांचा वास येतोय. मग तो येईनासा होतो आणि ओल्या गोणपाटाचा यायला लागतो. पुऱ्यांची चर्र चर्र लांब जाते. कुणीतरी ओरडतं, "मेथी घ्या, मेथी!" माझ्या डोक्याखालची उशी म्हणजे माझी बांगड्यांची पेटी आहे. उठून बसते. लिंबाच्या झाडाखाली माझं पाल लागलंय, दोरीवर बांगड्यांच्या माळा, आणि ऊन अजून कोवळं आहे.

"भवानी झाली का गं, कस्तुरे?"

हा आवाज मी हजारात ओळखेन. हर्डीकर बाई. मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या. काळी छत्री, खादीची पिशवी, बोटांना खडूची पांढरी पूड. बाई जाऊन इतकी वर्षं झाली की शर्वरीनं त्यांना बघितलंसुद्धा नाही. पण छत्री तीच आहे आणि छत्रीची मोडकी काडीही तीच.

"तुमच्यावाचून कशी होईल, बाई? बसा," मी म्हणते.

दर बाजारी असंच. बाई मुद्दाम पहिल्या यायच्या, कारण त्यांना आमची रीत पक्की ठाऊक. दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी, आणि भवानीच्या गिऱ्हाइकाला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही. तेवढ्या एका रीतीवर बाई माझा जीव काढायच्या. वैरागच्या बाजारात असं भाव करणारी बाई झाली नाही. एकदा त्यांनी एवढा भाव पाडला, एवढा पाडला, की शेवटी मी त्यांना बांगड्या दिल्या, चहा दिला आणि घरी सोडायला टांगा केला.

"कुणासाठी? भाचीसाठीच का?" मी विचारते.

"भाचीसाठी," बाई म्हणतात आणि हात पुढं करतात. "तिचा हात अगदी माझ्या मापाचा."

ही भाची मिरजेला असायची. तिचं नाव मी कधी ऐकलं नाही. बाईंचे यजमान लग्नानंतर लगेच गेले होते. मनगटावर घड्याळ तेवढं. तेव्हाचे दिवस असे की विधवा मास्तरणीनं काचेच्या बांगड्या घातल्या असत्या तर दुसऱ्या दिवशी शाळेच्या भिंतीवर कुणीतरी काहीतरी लिहिलं असतं. म्हणून बाजारापुरती भाची. मी माप घ्यायला त्यांचा हात हातात घ्यायची, अंगठ्याचं हाड दाबायची, बांगड्या चढवून बघायची, आणि मग आम्ही भाव करायचो. जोवर भाव ठरत नाही तोवर बांगड्या बाईंच्या हातात. ठरला की उतरवायच्या, रद्दीत गुंडाळायच्या, पिशवीत. म्हणून मी कधी भाव लवकर तोडला नाही. एवढी अक्कल देवानं मला दिली होती आणि तिचा मला आजही अभिमान आहे.

"आज मलाच तुमच्याकडनं काहीतरी घ्यायचंय, बाई. एक शब्द," मी म्हणते.

"कुठला?"

"चीप."

बाई चष्म्यावरून बघतात. "नवा हवा की जुना?"

"जुन्यात जुना."

"जुना महाग पडेल."

"काय घेणार?"

"चुडा. दोन्ही हात भरून."

"दोन्ही हात? एका शब्दाला?" मी कपाळावर हात मारते. "अहो, एवढ्यात तर मी अख्खं पुस्तक आणीन."

"इंग्रजी आहे गं तो. साता समुद्रापलीकडचा माल."

"म्हणून काय झालं? टीव्हीवर फुकट मिळतो. आज सकाळी मला घरातच मिळाला. एक हात."

बाई उठतात. छत्री उचलतात, पिशवी काखेत मारतात आणि चालायला लागतात. मेथीवालीच्या पुढनं, मिरचीच्या ढिगापुढनं. मागं वळून बघत नाहीत. मला ठाऊक आहे, त्या थांबणार. त्यांना ठाऊक आहे, मी हाक मारणार. तरी दर वेळी माझ्या छातीत धडधडतं, खरंच गेल्या तर?

"या हो बाई, या परत! दोन्ही हात. पण शब्द मुळापासून पाहिजे. अर्धा तोडून द्यायचा नाही."

बाई परत येतात. घड्याळ काढून पिशवीत टाकतात. मी सव्वादोनच्या मापाची हिरवी माळ सोडते.

"उतरवायच्या कधी?" मी हळूच विचारते.

"आज नाही उतरवायच्या."

"मग भाची?"

"भाची मोठी झाली गं," बाई म्हणतात आणि मेथीवालीकडं बघतात.

मी त्यांचा हात घेते. थंड आहे, पण तेवढं चालायचंच. अंगठा आत घेते, बोटं जुळवते.

"हात सैल सोडा. बांगडीकडं बघू नका, माझ्याकडं बघा. बोला आता."

"आज त्याचा अर्थ काय, ते तुला माहितीये."

"स्वस्त."

"ते एक. मग जे स्वस्त ते हलकं, असं लोकांना वाटायला लागलं. मग वस्तूवरून तो शब्द माणसांवर आला. हलकं वागणं, हलकं बोलणं. तुला नातीनं दिला तो हा, सगळ्यात अलीकडचा."

"सगळ्यात कुजका म्हणा."

"तुला जुना हवा ना? मग चढ."

पहिली बांगडी हाडावरून सुळकन आत जाते आणि आम्ही जिना चढतोय. मंगल कार्यालयाचाच जिना आहे, पण वर मुलींच्या शाळेचा वर्ग लागतो. बाकांवर मुली बसल्यात. एकीचाही चेहरा मला आठवत नाही, हात मात्र सगळ्यांचे आठवतात. ही जाड सांध्यांची. ही डावरी. हिचा हात एवढा मऊ की अडीच मागायला आली आणि मी सव्वादोन भरून पाठवली. मी आयुष्यात भरलेल्या सगळ्या नवऱ्या शाळेच्या निळ्या गणवेशात बसल्यात आणि सगळ्यांचे हात बाकावर.

"बसा गं," बाई म्हणतात. फळ्याशी जातात, पण लिहीत नाहीत, हात पुढं करून मलाच बोलावतात. म्हणजे सांगायचंही आणि भरूनही घ्यायचं. बाईंनी फुकट वेळ कधी घालवला नाही.

"शेकडो वर्षांपूर्वी इंग्लंडात हा शब्द एकटा हिंडायचा नाही," त्या वर्गाला सांगतात. "त्याच्याबरोबर गुड असायचा. गुड चीप म्हणायचे. म्हणजे काय? कस्तुरे, सांग."

"गुड म्हणजे चांगलं."

"आणि गुड चीप म्हणजे चांगला सौदा. आज चांगल्या सौद्यात मिळालं, तसं."

"म्हणजे शाबासकीच की!"

"घेणाऱ्याला शाबासकी आणि देणाऱ्यालाही."

"मग ते गुड कुठं गेलं?"

"झिजलं. माणसं घाईत असतात, अर्धंच बोलतात. गुड म्हणायचा कंटाळा आला, नुसता चीप उरला. एकटा पडला आणि मग ज्यानं त्यानं त्याला टपली मारली."

मागच्या बाकावरची एक नवरी खुदकन हसते. मला मात्र त्या शब्दाची जरा दया येते. सकाळपासून त्याच्यावर दात खात होते, आणि तो बिचारा जोडीदार गेलेला निघाला. बाईंकडं बघते. त्या माझ्याकडं बघतायत. माझ्या हातातली बांगडी आपोआप त्यांच्या मनगटाला जाते.

"पण मी मुळापासून म्हटलं होतं," मी म्हणते. "गुडच्या आधी काय?"

"चल दाखवते." बाई वर्गाचं दार उघडतात.

बाहेर धुकं. पायाखाली दगड, ओले, चिखलाळलेले. दोन्ही बाजूंनी पालं लागलीत, आमच्यासारखीच, फक्त वर लिंब नाही. लांब झग्यातल्या गोऱ्या बाया ओरडतायत, आणि मला त्यांचं अक्षर कळत नाही तरी सगळं कळतं. ताजं आहे म्हणतायत, काल आला असतात तर बरं झालं असतं म्हणतायत, शेवटचाच राहिलाय म्हणतायत.

"लंडन," बाई म्हणतात. "या रस्त्याचं नाव चीपसाइड. अजूनही आहे."

"बाई! रस्त्याला शिवी?"

"शिवी नाही गं. चीप म्हणजेच बाजार. देणं-घेणं, भाव करणं, सौदा. या सगळ्याला मिळून तो एक शब्द होता. आधी सौदा, मग चांगला सौदा, मग स्वस्त, मग हलकं. ही बाजाराची पेठ. ती बघ दुधाची गल्ली, ती पावाची, तिकडं कोंबड्यांची."

मी बाजाराच्या मध्ये उभी राहते, कमरेवर हात ठेवते. थंडी लई आहे, पण मला ऊब येतेय. आतून. सकाळी माझ्या तोंडावर मारलेला शब्द म्हणजे माझा पत्ता निघाला! जन्मभर मी जिथं बसले, जिथं उन्हात भाजले, जिथं पोरगा पाळण्यात टाकून झाडाला टांगला, त्या जागेचं नाव.

"शब्द घसरला, कस्तुरे," बाई म्हणतात. "बाजार नाही घसरला."

समोरून एक गडी येतो. पाठीवर एवढं थोरलं गाठोडं, त्यातून फिती, सुया, आरसे लोंबतायत. माझ्यापुढं थांबतो आणि गाठोडं सोडतो. फेरीवाला कुठंही ओळखू येतो.

"हा चॅपमन," बाई सांगतात. "चीपमधलाच माणूस. सौदा करणारा तो चॅपमन. त्यांच्यात पुढं ते आडनावच झालं."

"जसं आमचं कासार!"

"तसंच. आणि चॅपमनचा पुढं झाला नुसता चॅप. म्हणजे गडी, बाप्या, कुणीही. इंग्रज एकमेकांना म्हणतात ना, काय रे गड्या? तो गडी हा."

आता खोटं वाटेल तुम्हाला, पण त्या चॅपमनशी मी भाव केला. तो त्याच्या भाषेत, मी माझ्या. एक आरसा उचलला, मागून बघितला, तोंड वाकडं केलं. तो छातीवर हात ठेवून देवाची शपथ घ्यायला लागला. मी आरसा खाली ठेवून चालायला लागले. त्यानं हाक मारली. काय म्हणाला ते बाईंनी सांगायची गरज पडली नाही. शेवटी आरसा माझा, आणि माझी एक हिरवी बांगडी त्याच्या गाठोड्यात. दोघांनाही वाटलं, आपण जिंकलो. असा सौदा झाला की समजायचं, भाव बरोबर बसला.

"याच्याही मागं जायचंय का?" बाई विचारतात. त्यांचा उजवा हात भरलाय. कोपरापर्यंत हिरवागार. त्या तो हळूच हलवून वाजवतात आणि मी बघितलं नाही असं दाखवते.

"डावा हात रिकामा आहे ना अजून? मग जायचंच."

चीपसाइडच्या टोकाला नदी लागते. आमचीच भोगावती म्हणावी तर एवढं पाणी तिला नाही. काठाला एक झोपडं, बाहेर मातीचे रांजण. आत पोट सुटलेला एक बाप्या हसत हसत मोठाल्या दाढीवाल्यांना काहीतरी ओतून देतोय. ते त्याच्यापुढं कातडी टाकतायत, मध टाकतायत.

"रोमन माणूस," बाई म्हणतात. "त्याच्या भाषेत असल्या धंद्यातल्याला एक शब्द होता. दारू विकायची, जेवू घालायचं, मुक्कामाला जागा द्यायची. हे दाढीवाले उत्तरेकडचे. त्याच्याशी देवघेव करता करता त्यांनी तोच शब्द उचलला आणि देवघेवीलाच ते नाव पडलं. मग त्याला पोरं झाली. इंग्लंडात चीप झाला. जर्मनीत विकत घेणं झाला. कोपनहेगन नावाचं शहर आहे बघ, व्यापाऱ्यांचं बंदर. त्या नावातही हाच बसलाय."

"म्हणजे मूळ गुत्त्यात!"

"विद्वान म्हणतात तसं. मी काही तेव्हा तिथं नव्हते."

"आता तर आहात."

बाई हसतात. एवढं मोठ्यांदा हसलेलं मी त्यांना जिवंतपणी ऐकलं नाही. आणि हात सैल पडतो, त्याबरोबर तीन बांगड्या एकदम हाडावरून आत. माझी सगळी विद्या ही एवढीच आहे. लोक म्हणतात, कस्तुराबाई थापाडी. अहो, गिऱ्हाइकाचा हात आखडलेला असतो. त्याला वाटतं, दुखणार. अशा वेळी हत्तिणीची गोष्ट सांगायची, कुस्तीगीर पैलवानाच्या सासूची सांगायची, काहीही सांगायची. बाई हसली की हात सैल, हात सैल की बांगडी आत. खऱ्या गोष्टींनी एवढं हसू येत नाही, त्याला मी काय करू?

शेवटची बांगडी भरते. मध्ये एक वाढते, पण ती माझ्या खात्यावर, गिऱ्हाइकाच्या नाही. परत लिंबाखाली आहोत. मेथीवाली उठून गेलीय. बाई दोन्ही हात मांडीवर ठेवून बघत बसल्यात. मग उठतात आणि मला काही कळायच्या आत वाकतात.

"अहो बाई! काय करताय?"

"रीत आहे ना तुमची? चुडा भरून झाला की कासाराला नमस्कार करायचा."

आहे. राजाची राणी आली तरी करते. पण बाईंनी कधी केला नव्हता, कारण बांगड्या भाचीच्या होत्या. आज त्यांच्या आहेत. आशीर्वाद काय द्यायचा मेलेल्या माणसाला? "सुखी राहा," म्हणते. "जिथं असाल तिथं भाव करत राहा."

"करते ना. तिथं सगळे एका भावाचे निघाले. मला करमत नाही." त्या हात पुढं करतात. "आता वरची दे."

चुडा भरला की मी वर एक बांगडी देतेच. दिली तर गिऱ्हाईक बाजारभर सांगतं. मी सव्वादोनची एक काढून देते. बाई ती स्वतःच्या हातात घालत नाहीत. माझा हात धरतात.

"नको, बाई." मी हात मागं ओढते. "हे गेल्यापासून मी काच घातलेली नाही. कुणी नको म्हटलं म्हणून नाही. स्वतःच्या हातात स्वतःला भरता येत नाही. माझ्या हातात हेच भरायचे. आणि आता बोटांचे सांधे बघा, बोरासारखे झालेत. सव्वादोन काय, तीनचीसुद्धा जायची नाही."

"हात सैल सोड."

"दुखतंय, बाई!"

"बांगडीकडं बघू नकोस. माझ्याकडं बघ. तुला एक गोष्ट सांगते. एक भाची होती, मिरजेची..."

"थापा मारता?" मी म्हणते, आणि मला हसू फुटतं, आणि हाडावरून काहीतरी थंड, गोल—

"आजी. आजी, ऊठ ना."

डांबरगोळ्या. गाद्या. पाहुण्यांचे शर्ट. शर्वरी गुडघ्यावर बसलीय. डोळे लाल.

"काय झालं? रडलीस का?"

"नाही."

"मग कांदा चिरलास?"

ती नाक ओढते. "चुडा घालायला बसले होते. पल्लवी छान आहे गं, काही म्हणाली नाही. तिनं मोठं माप दिलं. म्हणाली, घाला मॅडम. आणि मी घातल्या. एकदम गेल्या. आजी, कुणी माझा हातच धरला नाही." परत नाक. "मी म्हटलं, थांबा. उतरवल्या आणि आले. चल ना खाली."

माझं काळीज तिथंच वितळलंय. पण मी कासारीण आहे. माल दाखवायचा नसतो एवढ्यात. मी परत भिंतीकडं तोंड करते.

"मी चीप आहे."

"आजी, सॉरी म्हणते ना."

"सॉरी काय? तू बरोबर बोललीस. चीप म्हणजे काय ते माहितीये का तुला? लंडनला रस्ता आहे माझ्या नावाचा."

"काय?"

"सांगेन चुडा भरताना. दोन्ही हात मी भरणार. आणि त्याआधी तुझ्या सासूसमोर पल्लवीशी भाव करणार. पूर्ण, मघाशी तोडलास तिथून पुढं."

"दोन्ही हात चालतील. भाव नाही."

"मग एक हात आणि अर्धा भाव."

"आजी, दोन्ही हात, आणि भाव नाही. शेवटचं."

"मग मी पडते इथंच."

शर्वरी उठते. ओढणी सारखी करते. दाराकडं चालायला लागते. शर्टांपुढनं, गाद्यांच्या ढिगापुढनं. मागं वळून बघत नाही. दार उघडते. एक पाऊल बाहेर टाकते.

छातीत धडधडतं माझ्या. कुणी शिकवलं हिला हे? कुठल्या बाजारात बसली होती ही? कॉम्प्युटरवर बसून पगार घेणारी पोरगी, आणि चाल बघा! पाठीचा कणा बघा! अगदी काळ्या छत्रीसकट. रक्त कुठं जातंय? माझी आहे. माझीच आहे.

"ये गं, ये परत," मी हाक मारते. "दोन्ही हात. भाव डोळ्यांनी करीन फक्त."

वळते तेव्हा तिच्या तोंडावर हसू पसरलंय, जिंकल्याचं. माझ्याही. ती मला उठवायला हात देते आणि मध्येच थांबते.

"ही कधी घातलीस?"

मी खाली बघते. माझ्या मनगटावर एक बांगडी आहे. काचेची, हिरवी, सव्वादोनची. शर्वरी ती ओढून बघते. सांध्याशी येऊन अडते, बाहेर निघत नाही. फिरवून बघते, सगळीकडून अखंड.

"आजी, ही तुझ्या हातात गेलीच कशी? कुणी भरली?"

"हर्डीकर बाईंनी. एक शब्द दिला मला, त्याच्यावर वर म्हणून."

"त्या तर कधीच वारल्यात ना? परत तुझ्या थापा!"

जन्मात एकदा खरं बोलले तर हे असं. पण ती हसतेय, डोळ्यांतलं पाणी वाळायच्या आत खदखदून हसतेय. मी तिचा हात हातात घेते, अंगठा आत, बोटं जुळवून. अगदी सैल पडलाय.